बंडल मारू नकोस



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विषयांवर बोललं गेलं आहे. मी आज एकाच शब्दावर बोलणार आहे. रात्रशाळेतल्या आमच्या सरांनी तो एकदा वर्गात फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली होती. मास्तरांनी असला शब्द फळ्यावर लिहावा, हेच आम्हाला नवल वाटलं होतं. तो शब्द म्हणजे ‘बंडल’.

सर रात्रशाळेत मराठी शिकवत. वर्गात गिरणीच्या त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यातले होते, साचे म्हणजे मागांच्या खात्यातले होते, बदलीवर काम मिळावं म्हणून पहाटे गिरणीच्या गेटवर उभे राहणारे होते, खानावळीत वाढप्याचं काम करणारेही होते. मी वयानं त्यांच्यात लहान. दिवसा छापखान्यात खिळे जुळवायचो आणि संध्याकाळी शाईचे हात रॉकेलनं पुसून वर्गात येऊन बसायचो. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत दमलेल्या माणसांना वृत्त आणि अलंकार शिकवायचे, म्हणजे शिकवणाऱ्याचा कस लागतो. सरांनी त्यातून एक वाट काढली होती. ते आमचेच शब्द आमच्यासमोर ठेवत आणि विचारत, हा कुठं ऐकला, कोण कुणाला म्हणालं, आणि मग पुढचा काय म्हणाला?

हे ते एका वहीत लिहून ठेवत. लाल कापडी बांधणीची ती लांबट वही, वाण्याकडे खतावणी असते तशी, आज इथे टेबलावर ठेवली आहे. सरांच्या मुलीनं ती मला विश्वासानं दिली. प्रत्येक शब्दाला एक पान दिलेलं आहे. ‘बंडल’ला तीन पानं लागली आहेत. पानावर कुठेही अर्थ लिहिलेला नाही, व्युत्पत्ती नाही. आहेत ती फक्त तारखेसह वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याखाली त्याला मिळालेलं उत्तर. ही उत्तरं सरांनी का टिपली असतील, ते कळायला मला फार वर्षं लागली. त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी वस्तूकडे येऊ, कारण शब्द वस्तूच्या पाठीवर बसून आला आहे.

बांधून ठेवलेल्या गोष्टींना मराठीत शब्दांची कधीच वाण नव्हती. लाकडांची मोळी, कडब्याची पेंढी, मेथीची जुडी, गवताचा भारा, कापडाची गासडी, अंथरुणाची वळकटी, कपड्यांचं बोचकं, पुस्तकांचा गठ्ठा. प्रत्येक शब्द आपापल्या मालाला असा चिकटलेला, की कोथिंबिरीची मोळी मागितली तर भाजीवाली दोनदा बघेल. इतकं सगळं असताना बंडल कशाला लागलं? मला वाटतं, या साऱ्या जुन्या शब्दांत हात दिसतो. जुडी लहानमोठी होते, मोळी बांधणाऱ्याच्या ताकदीप्रमाणे कमीजास्त होते. बंडल मात्र कारखान्यातून आलं. मोजून, एकसारखं, वर पट्टी आणि छाप असलेलं. विड्यांचं बंडल, नोटांचं बंडल, सुताचं बंडल. इंग्रजी शब्दाचं मूळ बांधणे या अर्थाच्याच धातूत आहे आणि तो धातू आपल्या संस्कृत ‘बन्ध्’चा लांबचा भाऊ आहे. म्हणजे परक्या घरून आलेला हा पाहुणा खरं तर आपल्या ‘बांधणे’च्याच गोतातला.

सुताच्या बंडलाचा हिशेब वर्गातल्या एका त्रासनवाल्यानं आम्हाला समजावून सांगितला होता. कापसाच्या सुताची एक लड ८४० वारांची. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. हातमागवाल्याकडे सूत जायचं ते १० पौंडांच्या बंडलात. म्हणजे २० नंबरचं सूत असेल, तर एका बंडलात २०० लडी. आता सोलापूरचा एखादा हातमागवाला ते बंडल घरी घेऊन गेला, तर तो काय ८४० वार मोजत बसणार? तो वरचा छाप बघतो, बंडल हातात तोलून बघतो आणि विश्वास ठेवतो. लडीत वार कमी भरतात, ही हातमागवाल्यांची तक्रार जुनीच आहे. पण ती तक्रार करायची तरी लड सोडून मापावी लागते, आणि सोडलेलं सूत पुन्हा तसं गुंडाळता येत नाही.

नोटांचंही तसंच. बँकेच्या हिशेबात १०० नोटांचं एक पाकीट आणि अशी १० पाकिटं मिळून एक बंडल. आपण बाहेर १०० नोटांच्या गड्डीलाही बंडलच म्हणतो. रस्त्यावर माणसाला गाठून फसवणाऱ्या भामट्यांची एक जुनी युक्ती आहे. वर एक खरी नोट, खाली एक खरी नोट, आणि मधे नोटेच्या मापाचे कापलेले कोरे कागद. वरून पट्टी लावलेली. माणूस वरची नोट बघतो, उलटून खालची बघतो आणि पिशवीत टाकतो.

बंडल मारण्याची सगळी कारागिरी या एका चित्रात आहे. चांगला बंडलबाज नुसतं खोटं कधीच बोलत नाही. तो सुरुवात खऱ्यानं करतो, शेवटही खऱ्यानं करतो. वार खरा, जागा खरी, बसचा नंबर खरा, तिथे हजर असलेल्या माणसाचं नाव खरं. कोरा कागद तेवढा मधे असतो.

मराठीत खोटं सांगण्याची क्रियापदं मोठ्या मजेची आहेत. थाप मारतात, बाता मारतात, कंडी पिकवतात, हूल देतात, पुडी सोडतात. लोणकढी थाप म्हणजे लोणकढ्या तुपासारखी नुकती कढवून काढलेली, ताजी. यात ‘पुडी’ आणि ‘बंडल’ शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. दोन्ही बांधलेले, दोन्हीच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. पण पुडी सोडतात आणि बंडल मारतात, हा फरक वरवरचा नाही. पुडी एकदा सोडली की ती हातोहात फिरते. तिचा धनी सापडत नाही, आणि सापडू नये अशीच सोडणाऱ्याची इच्छा असते. बंडल मारणारा समोर बसलेला असतो. त्याचं नाव, गाव, बिऱ्हाड सगळ्यांना ठाऊक असतं. तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून मारतो आणि पकडला जायची तयारी ठेवूनच मारतो. अफवेला धनी नसतो. बंडलाला असतो, आणि तो मघाशीच तुमच्याकडून तंबाखूची चिमूट घेऊन बसलेला असतो.

इंग्रजीतल्या मूळ शब्दाला खोटेपणाचा वाससुद्धा नाही. हा अर्थ त्याला इथे आल्यावर मिळाला. शेजारच्या भाषांनीही कारखान्यातून आलेल्या वस्तूंना असंच कामाला लावलं. कन्नड माणूस थापाड्याला ‘रील सोडू नकोस’ असं म्हणतो, तमिळ माणूसही रीलच सोडतो. गुजरातीत एखादी गोष्ट अगदीच टाकाऊ असली, की ‘साव बंडल’ म्हणतात. आपल्याकडे त्यापुढे ‘बाज’ लागला आणि ‘बंडलबाज’ झाला. दगाबाज, चालबाज, नखरेबाज यांच्या पंक्तीतला हा फारसी प्रत्यय, आणि फारसीत त्याचं नातं खेळण्याशी आहे. धड इंग्रजी, शेपूट फारसी, आणि वाक्यात चालवायला ‘मारणे’ हे आपलं मराठी क्रियापद. असा शब्द शुद्धीच्या कुठल्याच चाळणीतून जाणार नाही, आणि मला तो त्याचमुळे प्रिय आहे. तीन ठिकाणची माणसं एका गाळ्यात राहतात तशी त्याची घडण आहे.

आता एक बंडल जवळून बघू.

जानेवारी १९७५. वानखेडे स्टेडियम नुकतंच बांधून झालं होतं आणि तिथला पहिला कसोटी सामना वेस्ट इंडीजशी होता. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत, पतौडी आपला कप्तान. क्लाइव्ह लॉईडनं नाबाद २४२ काढल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक प्रेक्षक त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावत गेला, पोलिसांनी त्याला मारलं, त्यावरून प्रेक्षक खवळले आणि खेळ थांबवावा लागला. इथपर्यंत सगळं खरं, सगळ्या मुंबईला ठाऊक असलेलं.

आमच्या चाळीत एक अण्णा होते. त्रासन खात्यात होते. उंचीनं बेताचे, आवाज मात्र चार मजले ऐकू जाईल असा. त्या आठवड्यात गॅलरीत रोज रात्री त्यांची बैठक. आम्ही पोरं कठड्याला पाठ लावून खाली बसलेलो, त्यांच्या बरोबरीची माणसं उंबऱ्यावर. अण्णा सांगायला लागले. तिकीट कुणी दिलं ते सांगितलं, लोकलनं चर्चगेटला उतरले ते सांगितलं, उन्हासाठी डोक्यावर रुमालाच्या चार कोपऱ्यांना गाठी मारून टोपी केली होती ती पुन्हा करून दाखवली. लॉईडची चाल दाखवली. तो किंचित वाकून चालायचा, जाड चष्मा लावायचा, ते हुबेहूब. मग तो माणूस आत धावला. अण्णा म्हणाले, “आणि त्याच्या मागं मी.”

गॅलरीत सगळे गप्प झाले. अण्णांनी उजवा हात पुढे केला, बोटं पसरली आणि त्या हाताकडे असं बघितलं, जणू तो त्यांचा नव्हताच. “हात मिळवला त्यानं. एवढा पंजा. माझा तळवा त्यात बोरासारखा गेला.”

आम्हाला ते खरं वाटलं. मला तर अजूनही अर्धं खरं वाटतं. पण उंबऱ्यावरून त्यांचा बरोबरीचा दोस्त, साचे खात्यातला, अडकित्ता न थांबवता म्हणाला, “बंडल मारू नकोस.”

यानंतर जे झालं, ते महत्त्वाचं. अण्णा रागावले नाहीत, उठून गेले नाहीत, शपथाही घातल्या नाहीत. हात खाली घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “बरं, हात नाही मिळवला. पण नजरानजर झाली.” दोस्त सुपारी कातरत राहिला. म्हणाला, “ती झाली असेल.” आणि गोष्ट पुढे चालू झाली.

सरांच्या वहीत वाक्याखाली उत्तर का लिहिलेलं आहे, ते मला या आठवणीतून उलगडलं. तीन पानांवरची बहुतेक उत्तरं अशीच आहेत. एक पोरगा म्हणतो, मालवणला मी शार्क पकडला. दुसरा म्हणतो, बंडल. पहिला म्हणतो, मुशीचं पिल्लू होतं, पण जोर काय होता सांगू! कुणी म्हणतो, साहेबानं मला खुर्ची दिली. दुसरा म्हणतो, बंडल. पहिला म्हणतो, बस म्हणाला, मीच नाही बसलो. प्रत्येक ठिकाणी ‘बंडल’ म्हटल्यावर बोलणं तुटत नाही, सूट मिळते. सांगणारा एक पायरी खाली येतो, ऐकणारा एक पायरी वर चढतो आणि मधे कुठंतरी भाव ठरतो. मंडईत चालतो तसा हा सौदा, फक्त यात कुणाचं काही जात नाही.

म्हणून मी म्हणतो, की ‘बंडल म्हणजे थाप’ एवढं कोशात लिहून भागत नाही. ‘तू खोटं बोलतोस’ या वाक्याला दोनच उत्तरं असतात, भांडण किंवा कबुली. ‘बंडल मारतोस’ याला तिसरं उत्तर आहे. ते नात्याला धक्का न लावता माणसाला खऱ्याच्या जवळ आणतं. दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात शब्दकोशाचे सात खंड काढले आणि पुढे वाक्संप्रदायांचा वेगळा कोश केला, हे मराठीवरचे फार मोठे उपकार आहेत. शब्द वाक्यात कसा वागतो, हे त्या दुसऱ्या कोशानं दाखवलं. बोलीतल्या अशा शब्दांसाठी आणखी एका रकान्याची गरज आहे. कोण कुणाला म्हणू शकतं, आणि म्हटल्यावर समोरचा काय म्हणतो. सरांची वही हा त्या रकान्याचा आरंभ आहे. तो पुढे कुणी चालवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इथे भाषेचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांना ती विशेष आहे.

कोण कुणाला म्हणू शकतं, याचा नियम आमच्या चाळीत पक्का होता. बरोबरीच्यांत चालायचं. मोठ्यांना नाही. अण्णांना आम्ही पोरांनी ‘बंडल’ म्हटलं असतं, तर घरी कान लाल झाले असते. मास्तरांना, जॉबरला, जावयाला नाही. बायको नवऱ्याला मात्र म्हणायची, आणि ‘अहो’ लावून म्हणायची. “अहो, काय बंडल मारताय!” या वाक्यात आदर आणि अविश्वास एका ताटात जेवतात. माझ्या आईच्या तोंडी हे वाक्य मी अनेकदा ऐकलं. ते ऐकलं की वडील पगाराचं पाकीट खिशातून काढून तिच्या हातात ठेवायचे.

आणि कुठल्या खोट्याला हा शब्द लागत नाही, तेही बघायला हवं. खरा अर्थ तिथेच सापडतो. कोर्टातल्या खोट्या साक्षीला कुणी बंडल म्हणत नाही. सावकारानं अंगठा घेतलेल्या कोऱ्या कागदाला म्हणत नाही. दंगलीच्या दिवसांत पसरलेल्या बातमीला म्हणत नाही. आई ताटात शेवटची भाकरी वाढून ‘मला भूक नाही रे’ म्हणते, ते तर उघड खोटं असतं, तरी त्याला बंडल म्हणायला कुणाची जीभ उचलणार नाही. जिथे कुणाचं नुकसान आहे तिथे हा शब्द थांबतो. जिथे कुणाचा त्याग आहे तिथेही थांबतो. दोन्हींच्या मधे एक मोकळी जागा उरते, गप्पांची, कल्पनेची, थोड्या फुशारकीची. साध्या माणसानं दिवसभर मशिनसमोर उभं राहिल्यावर रात्री अर्धा तास स्वतःचं आयुष्य जरा मोठं करून सांगायचं, एवढीच ती जागा. ‘बंडल’ ही तिथली कुंपणाची तार होती. ती ओलांडू नकोस एवढंच सांगणारी, टोचणारी नव्हे.

शब्दाचं दुसरं अंगही होतं, ते विशेषणाचं. बंडल पिक्चर, बंडल नाटक, बंडल गोष्ट, बंडल जोक. लिंग-वचनाप्रमाणे न बदलणारं हे विशेषण कॉलेजच्या कट्ट्यावर फार चाललं. ब्लॅकनं तिकीट घेऊन आत गेलेला माणूस बाहेर येऊन ‘बंडल!’ म्हणायचा, तेव्हा त्यात मूळ अर्थ जिवंत होता. वरचं पोस्टर खरं, मधले तीन तास कोरे. १९७६ साली शम्मी कपूरनं दिग्दर्शित केलेला ‘बंडलबाज’ नावाचा हिंदी चित्रपट आला, राजेश खन्ना त्यात नायक होता आणि शम्मी कपूर स्वतः जिन झाला होता. म्हणजे तोपर्यंत हा शब्द साऱ्या देशाच्या पोस्टरवर लावण्याइतका रुळला होता. विशेषणाबद्दल मला याहून फार सांगायचं नाही. ते आलं तसं फॅशनबरोबर गेलं. त्याची जागा घ्यायला ‘भंकस’, ‘पकाऊ’ असे कितीतरी शब्द होते.

नाक्यावरची भाषा छापायची म्हणजे त्या काळी केवढं धाडस होतं, हेही इथे सांगायला हवं. भाऊ पाध्ये यांचं ‘वासूनाका’ १९६५ साली आलं, पोक्या नावाच्या पोराच्या तोंडून सांगितलेलं, नाक्यावरच्या पोरांच्याच बोलीत. आचार्य अत्रे त्यावर तुटून पडले. त्या पुस्तकावर केवढं वादळ उठलं! पुढे १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, आणि त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही कवीकडूनच समजून घ्यावे लागले. या मोठ्या नावांपुढे ‘बंडल’ अगदीच गरीब गाय. त्यात शिवी नाही, शरीर नाही, वस्तीचा गुप्त व्यवहार नाही. व्यापाऱ्यांची नंदभाषा होती ती गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून, मुलांची ‘च’ची भाषा मोठ्यांना कळू नये म्हणून. ‘बंडल’ला कुणापासून काही लपवायचं नव्हतं. ज्याला उद्देशून म्हणायचा, त्याला तो नीट समजावा हाच हेतू. बहुधा म्हणूनच त्याच्यावर ना कुणी खटला भरला, ना कुणी प्रबंध लिहिला.

आता वहीच्या तिसऱ्या पानाकडे येतो.

सर प्रत्येक वाक्यासमोर तारीख घालत. तिसऱ्या पानावरची शेवटची तारीख डिसेंबर १९८१ची आहे. त्याखाली पाऊण पान कोरं आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेला, असं कधी झालंच नाही.

सुरुवातीला नाक्यावर गर्दी वाढली. रोज सकाळी माणसं यायची, भोंगा नाही म्हणून घड्याळ बघायची. अण्णा फॉर्मात होते. “पुढच्या सोमवारी भोंगे वाजतायत. मला आतल्या माणसानं सांगितलंय.” आणि साचे खात्यातला दोस्त हसून म्हणायचा, “बंडल.” अण्णा म्हणायचे, “बरं, सोमवार नाही, गुरुवार धर.” सूट पूर्वीसारखीच मिळायची. फेब्रुवारीत हे चाललं, मार्चमध्ये चाललं. पाडव्याला चाळीत निम्म्या घरांत पुरण शिजलं नाही. मे महिन्यात गावाकडे गेलेली बिऱ्हाडं परत आली नाहीत. कुणी कोकणात नाचणी लावायला राहिलं, कुणी साताऱ्याकडे ऊसतोडीच्या टोळीत गेलं. पितळी भांडी एकेक करून मोडीत निघाली.

आषाढातली एक संध्याकाळ मला आठवते. पाऊस लागला होता, आम्ही नाक्यावरच्या पानाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभे होतो. अण्णा म्हणाले, “या महिनाअखेर मिटतंय. पक्कं.” मी दोस्ताच्या तोंडाकडे बघत होतो, शब्द येणार म्हणून. तो काही बोलला नाही. त्यानं चंची उघडली, तंबाखू मळली, चुना नेमका लावला आणि चिमूट अण्णांच्या तळहातावर ठेवली. अण्णांनी ती तोंडात टाकली नाही, कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवली.

त्या दिवशी अण्णा बंडल मारत नव्हते आणि खरंही सांगत नव्हते. ते काय करत होते, त्याला आमच्या भाषेत शब्द नव्हता. आणि ‘बंडल’ हा शब्द दोस्ताला त्या वेळी उच्चारता आला नाही, कारण तो उच्चारला असता तर अण्णांना सूट द्यावी लागली असती. महिनाअखेर नाही, दिवाळी. दिवाळी नाही, पाडवा. त्या सौद्यातून खाली उतरायला पायरीच शिल्लक नव्हती. रात्रशाळेचा आमचा वर्गही हळूहळू रिकामा झाला. सरांच्या वहीत वाक्यं येणं थांबलं, कारण वाक्यं बोलणारी माणसंच गेली होती.

शब्द त्यानंतर मेला, असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या, नाशिकच्या कॉलेजांत तो पुढे पुष्कळ वर्षं नांदला. माझ्याच छापखान्यात तरुण पोरं ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत तो वापरत. पण गॅलरीतला तो अर्थ, सौद्याचा, पायरी उतरण्याचा, मला मागाहून फार कमी ऐकू आला. गॅलऱ्याच राहिल्या नाहीत. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. लोक म्हणतात, जुन्या बोलीतले शब्द फॅशन बदलली म्हणून जातात. निदान या अर्थाबद्दल मला ते पटत नाही. बंडल मारायला रिकामा अर्धा तास लागतो, उंबरा लागतो, तोच तो ऐकणारा रोज लागतो. कालचं बंडल आठवणारा माणूस शेजारी नसेल, तर आजचं कोण पकडणार?

मग आजची मुलं काय म्हणतात? ‘फेकू नको’ म्हणतात. त्या शब्दाला आता बाहेरच्या भांडणांची धार आली आहे आणि त्याला सूट मिळत नाही. ‘बोलबच्चन’ म्हणतात, पण ते माणसाचं वर्णन झालं, बोलण्याला उत्तर नाही. मला खरा वारस वाटतो तो वेगळाच. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका २०१३ साली सुरू झाली आणि त्यातल्या जान्हवीचं ‘काहीही हं श्री’ घराघरांत पोहोचलं. अनेकांनी त्याची टिंगल केली. मी त्या वाक्याचं स्वागत करतो. त्यात आमच्या आईच्या ‘अहो, काय बंडल मारताय’चा सूर आहे, अविश्वास आहे आणि माया आहे. थोडा फरक आहे, तोही मान्य करतो. ‘काहीही’ म्हणताना सांगणाऱ्याचं म्हणणं बाजूला सारलं जातं. ‘बंडल’मध्ये त्यानं ते बांधलं आहे, पट्टी लावली आहे, मेहनत घेतली आहे, याची दखल होती. तेवढं हरवलं. पण पायरी पुन्हा दिसू लागली, हे काय कमी आहे?

या व्याख्यानाची तयारी करत होतो, तेव्हा वही माझ्या टेबलावर उघडी होती. नात आली, पान बघितलं आणि म्हणाली, “आजोबा, बंडल म्हणजे कॉम्बो ना? मोबाइलचा पॅक असतो तो?” मी तिला जवळ बसवलं. वानखेडे सांगितलं, लॉईडची चाल करून दाखवली, रुमालाला चार गाठी मारून डोक्यावर ठेवला. सांगता सांगता काय झालं कोण जाणे, चर्चगेटला उतरलेल्या अण्णांच्या सोबत मीही उतरलो. मैदानात तो माणूस धावला, त्याच्यामागे अण्णा धावले आणि अण्णांच्या मागे मी.

नात हसली. म्हणाली, “काहीही हं आजोबा!”

मी हात खाली घेतला. म्हटलं, “बरं, मी नाही धावलो. पण अण्णांची नजरानजर झाली होती.”

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ती झाली असेल.”